नाल्यापलीकडे गेलेले शेत

भूमापन शिकवणाऱ्या माणसाला लोक आयुष्यभर एकच प्रश्न विचारतात: आमची हद्द नेमकी कुठून जाते? त्याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की हद्द जमिनीवर असते. आमच्या हाती असते ते तिचे चित्र. ते चित्र कोणी काढले, कोणत्या साधनाने काढले आणि काढताना काय गृहीत धरले, हे सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर चित्र कितीही देखणे असले तरी मी त्याला नकाशा म्हणत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी अठ्ठावीस वर्षे सर्वेक्षक अभ्यासक्रमाचा निदेशक होतो आणि दर वर्षी पहिल्या तासाला हेच फळ्यावर लिहीत असे. निवृत्तीनंतर याच वाक्याला घट्ट धरून बसल्यामुळे माझ्या हातून एक चूक झाली आणि एका बाईंचे शेत जाण्याची वेळ आली. या लेखात मुख्यतः तीच हकिकत आहे; परंतु ती समजण्यासाठी आधी आमच्या कामाविषयी थोडे सांगावे लागेल.

आमच्या कार्यशाळेत एक रीत होती. नवे उपकरण आले की ते वापरण्याआधी उघडायचे. होकायंत्र असेल तर झाकण काढून सुई कशावर टेकली आहे ते पाहायचे. दुर्बिणीचे यंत्र असेल तर त्यातील बुडबुड्याची नळी कोणत्या स्क्रूने हलते ते पाहायचे. चूक कोठून शिरू शकते हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच ती पकडता येते. संगणक आले आणि ही रीत अडखळली. नकाशे काढण्याचा जो प्रोग्राम तेव्हा सर्वत्र चालत असे, तो बंद पेटीसारखा होता. मोजमापे आत घालावीत आणि नकाशा बाहेर घ्यावा. मधे काय घडले ते फक्त बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक. यालाच मालकीचे सॉफ्टवेअर म्हणतात. दुसरा प्रकार मुक्त सॉफ्टवेअरचा. ते कोणालाही चालवता येते, त्याची आतली रचना वाचता येते, गरजेप्रमाणे बदलता येते आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देता येते. 'मुक्त' म्हणजे 'फुकट' नव्हे, हे समजावण्यात माझा दर वर्षी अर्धा तास जात असे आणि अर्ध्या वर्गाला ते तरीही पटत नसे.

मी मुक्त सॉफ्टवेअरकडे वळलो त्याला आणखी एक कारण होते. त्या काळी आमच्या भागात मालकीचा प्रोग्राम म्हणजे कुलूप तोडलेली प्रत, असाच अर्थ होता. एकाने आणायची, दहा जणांनी उतरवून घ्यायची. यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नसे. भटू पाटील नावाच्या माझ्या एका हुशार विद्यार्थ्याने तर मी रजेवर असताना अशी एक प्रत संस्थेच्या संगणकावर चढवून ठेवली होती, तीही मला भेट म्हणून. मी परतल्यावर ती काढून टाकली आणि त्याला वर्गासमोर उभे करून पाऊण तास बोललो. त्याने ते मनावर घेतले असावे. पुढे त्याने तळोद्यात स्वतःचे मोजणीचे कार्यालय थाटले आणि एके दिवशी मला मुद्दाम बोलावून परवान्याचा कागद दाखवला.

"सर, आते पक्कं लायसन लिधं," तो म्हणाला. "आते तरी मन्हाकडे चहा ल्या."

मी चहा घेतला. परंतु त्याचा प्रोग्राम घेतला नाही. प्रत प्रामाणिक झाली म्हणून पेटी उघडी होत नाही, असे मी त्याला सांगितले. भटूने कपाळाला हात लावला. तेव्हापासून आमचा हा वाद चालू आहे.

संस्थेतील सर्व संगणकांवर मी मुक्त नकाशा-प्रणाली बसवली आणि निवृत्त झाल्यावर घरीही तीच वापरू लागलो. निवृत्त शिक्षकाकडे येणारी कामे बहुधा भांडणाची असतात. सारंगखेड्याला तापीकाठच्या एका शेताची दोघा भावांत वाटणी व्हायची होती. धाकट्याने एका खाजगी आरेखकाकडून रंगीत नकाशा करून आणला होता; थोरल्याने मला बोलावले. मी दोन दिवस मोजणी केली, आमच्या भागाचा नव्या मालिकेतील सरकारी नकाशा आधाराला घेतला आणि माझी मोजणी त्याच्यावर ठेवली. विहीर विहिरीवर आली, बांध बांधावर आला. मला समाधान वाटले. थोरल्या भावाला मात्र वाटले नाही.

"मास्तर, त्याना नक्शा रंगीत शे. तुम्हना काळा. मंग खरा कोन्ता?"

"खरेपणा रंगावरून ठरत नाही," मी म्हणालो.

"नही ना? मंग तुम्ही बी रंग भरा. कोन मना करी ऱ्हायनं?"

दुसऱ्या दिवशी मी रंग भरून दिले. वाटणी झाली. माझ्या मनात मात्र एक गोष्ट पक्की बसली की माझी पद्धत तपासून झाली आहे आणि ती अचूक आहे. ही समजूत किती अपुऱ्या परीक्षेवर उभी होती, हे कळायला पुढचा उन्हाळा यावा लागला.

मोलगीच्या पुढे जीप जेथे थांबते तेथून तासभर चालल्यावर एक पाडा लागतो. तेथील ग्रामसभेने मला वनहक्काच्या दाव्यांचे नकाशे करण्यासाठी बोलावले. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या कुटुंबाला त्या जमिनीचा हक्क मिळू शकतो. मात्र कायद्याने ठरवलेल्या दिवसाच्या आधीपासून ती जमीन आपण कसत होतो, हे दाखवावे लागते. त्यासाठी शेताभोवती उपग्रहावरून स्थान सांगणारे जीपीएस यंत्र घेऊन चालायचे, प्रत्येक वळणावर थांबून नोंद घ्यायची आणि त्या नोंदींचा नकाशा दाव्याला जोडायचा, असे काम असते. बहुतेक कुटुंबांचे काम सरळ होते. रुमलीबाई पाडवी यांचे तसे नव्हते.

रुमलीबाईंचा दावा एकदा फेटाळला गेला होता आणि आता अपील चालू होते. पती वारलेले. मुलगा कुटुंबासह उसाच्या तोडीला गुजरातेत. वय विचारले तेव्हा त्यांनी आधी माझे विचारून घेतले आणि "तुझ्याहून थोडी लहान धर," असे सांगितले. मोलगीच्या बाजारात शिकलेली त्यांची मराठी होती आणि तीत सर्वांना 'तू' हे एकच संबोधन होते. मलाही आणि पुढे सुनावणीच्या साहेबांनाही. त्यांच्याजवळ पुरावा एकच: सासऱ्याला जंगलात नांगर धरल्याबद्दल पूर्वी झालेल्या दंडाची पावती. ज्या कागदाने सासऱ्याला गुन्हेगार ठरवले, तोच सुनेला हक्क मिळवून देणार होता. त्या पावतीवर वनकक्षाचा, म्हणजे जंगलाच्या त्या विभागाचा, क्रमांक होता. नकाशाने एवढेच सिद्ध करायचे होते की आज रुमलीबाई कसतात ते शेत त्याच वनकक्षात आहे. वनकक्षाची पश्चिमेची हद्द म्हणजे एक नाला, आणि शेत त्या नाल्याला लागून पूर्वेला. वनकक्षांच्या हद्दी फक्त एका जुन्या नकाशावर होत्या. तेव्हा त्या जुन्या नकाशावर माझी मोजणी ठेवणे भाग होते.

आम्ही शेताभोवती चाललो. रुमलीबाई पुढे, मी यंत्र घेऊन मागे. घरी येऊन मी जुना नकाशा प्रणालीत घेतला, त्याच्या कडेचे अक्षांश-रेखांश भरले, तो कोणत्या मापनपद्धतीचा आहे तेही यादीतून निवडले आणि मोजणी त्यावर ठेवली. त्या वेळी पडद्याच्या वरच्या काठावर एक पिवळी पट्टी उमटली. अशा पट्ट्या येत असतात. मी ती बंद केली. नकाशात शेत नाल्याच्या बाजूला दिसत होते, आकारही ओळखीचा होता. ते नाल्याच्या कोणत्या बाजूला आहे, हे मी पाहिले नाही. यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, परंतु आकार आणि क्षेत्रफळ तपासण्यात मी इतका गुंतलो होतो की दिशा पाहायची राहिली. माझ्या विद्यार्थ्याने असे केले असते तर त्याला मी पहिल्या बाकावर आणून बसवले असते.

मोठ्या कागदावरची छपाई तळोद्यात भटूकडेच होत असे. त्याने कागद यंत्रात घालता घालता विचारले, "सर, जुना नक्शावर टाकेल शे ना? एकदाव मन्हा मशीनवर टाकी देखा. चार मिनिट लागतीन."

"बंद पेटीत मी दुसऱ्याचे शेत घालत नाही," मी म्हणालो.

"मंग सर, हाई छपाईनं मशीन बी बंदच शे. ते कसं चालस तुम्हले?"

मी त्याला छपाई करायला सांगितले आणि नकाशा अपिलाला जोडून दिला.

महिन्याभराने अपिलाच्या कार्यालयाचे पत्र आले. दाखल नकाशानुसार दावा केलेले क्षेत्र नाल्याच्या पश्चिमेस, शेजारच्या वनकक्षात येते. पावतीवरील वनकक्षाशी ते जुळत नाही. सबब अर्जदाराने सुनावणीस हजर राहून खुलासा करावा. सुनावणीला तीन आठवडे होते. हे अपील गेले तर रुमलीबाईंना दुसरा मार्ग नव्हता. पत्रात चूक काहीच नव्हती. मी नकाशा उघडून पाहिला, तर शेत खरोखरच नाल्यापलीकडे होते.

येथे माझे मन कसे चालले ते मी सविस्तर लिहितो, कारण शिकण्यासारखे तेच आहे. मी यंत्र तपासले; बरोबर. नोंदी तपासल्या, बरोबर. प्रणालीत सर्व पुन्हा केले. तेच उत्तर आले. प्रणाली उघडी होती, मी तिच्यावर वर्षानुवर्षे विश्वास ठेवला होता आणि सारंगखेड्याला ती खरी उतरली होती. तेव्हा चूक दुसरीकडेच असली पाहिजे, असे मी ठरवले. दुसरीकडे म्हणजे जमिनीवर. मी जीप धरून मोलगीला गेलो आणि पाड्यावर पोहोचलो. रुमलीबाई आमचुरासाठी कैऱ्यांच्या फोडी अंगणात पसरत होत्या.

"नाले पात्र बदलतात," मी त्यांना सांगितले. "तुमचा नाला तीस-चाळीस वर्षांत पश्चिमेकडे सरकला असेल. तसे असेल तर जुन्या नकाशात शेत पलीकडे दिसणारच."

त्यांचा हात थांबला. "नाला हलला?"

"हलू शकतो."

"आणि काठावरचं महूचं झाड? ते पण हललं?"

"मोहाचे झाड कसे हलेल?"

"मी लग्न होऊन आले तवा ते काठावर होतं. आज पण काठावर हाय. सासऱ्याच्या बापानं राखलेलं झाड हाय ते. तू शिकलेला माणूस, तू सांग. आधी झाड हललं का आधी नाला?"

शेजारच्या अंगणातल्या बायका हसू लागल्या. एकीने आपल्या बोलीत काही म्हटले आणि हशा वाढला. ते काय होते, हे मी विचारले नाही. रुमलीबाई हसल्या नाहीत. फोडी पसरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुझा कागद हलला असंल, गुरुजी. तू कागदावरून माझं शेत नाल्यापार टाकलंस. आता मला माझ्याच शेतात जायला नाला उतरून जा म्हणतोस."

परतीच्या जीपमध्ये मी काय करून बसलो ते मला कळले. माझी पद्धत बरोबर ठरावी म्हणून मी एका बाईंना त्यांचा नाला सरकल्याचे सांगायला गेलो होतो. जमीन खरी आणि नकाशा तिचे चित्र, असे अठ्ठावीस वर्षे फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाने हे केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भटूच्या कार्यालयात गेलो.

"काय व्हयनं सर?"

"तुझ्या प्रोग्राममध्ये एकदा घालून पाहायचे आहे."

तो टोमणा मारील अशी माझी तयारी होती. तो म्हणाला, "बठा. पहिले चहा सांगस." मग त्याने माझ्या नोंदी घेतल्या, जुना नकाशा घेतला, पाच-सहा ठिकाणी बोट दाबले. चहा येण्याआधी काम झाले.

"हाई देखा. नालाना अल्याडच शे शेत. बाईनं बरोबर सांगेल शे."

शेत नाल्याच्या पूर्वेला, नाल्याला लागून होते. महूचे झाड जेथे असायला हवे, तो कोपराही काठावर होता.

"हे कसे आले?" मी विचारले.

"बरोबर उनं ना? कसं उनं ते माले नका इचारू. आतमा काय चालस ते माले बी म्हाईत नही."

"तेच विचारायला मी आलो आहे."

भटू खुर्चीत मागे रेलला. "सर, एक सांगा. तुम्ही चूक शोधाले येल शेतस का शेत वाचाडाले?"

मी दोन्हीसाठी आलो आहे असे सांगितले. त्याने मान हलवली, परंतु खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि दुपारपर्यंत आम्ही दोघे दोन संगणक शेजारी मांडून बसलो.

कारण सापडले ते असे. पृथ्वी नेमकी गोल नाही. नकाशा काढताना तिचा काही एक आकार मानून चालावे लागते. जुन्या मोजणीदारांनी एक आकार मानला होता. उपग्रहावर चालणारे यंत्र दुसरा मानते. शाळेच्या दोन पट्ट्या घ्या. एकीचे शून्य अगदी काठावर आहे, दुसरीचे काठापासून जरा आत. दोन्ही पट्ट्या खऱ्या. परंतु एकीने मोजलेला आकडा दुसरीवर तसाच ठेवला तर रेघ सरकते. आमच्या भागात हा फरक शंभर-एक मीटरचा पडतो. जुन्या नकाशावरून नव्या यंत्राच्या नोंदींवर येताना तेवढी दुरुस्ती करावी लागते. भटूच्या प्रोग्रामने ती न विचारता, न सांगता केली होती. माझ्या प्रणालीत मी जुनी पद्धत निवडली, पण दुरुस्तीचे आकडे भरले नव्हते. म्हणून तिने दुरुस्तीशिवायच नकाशा ठेवला. आणि हे तिने मला सांगितले होते. मी ती पिवळी पट्टी पुन्हा आणून वाचली. 'या रूपांतराची अचूकता ज्ञात नाही' अशा अर्थाचे एक सरळ वाक्य तीत होते. सारंगखेड्याचा सरकारी नकाशा नव्या पद्धतीचा असल्यामुळे तेथे दुरुस्तीची गरजच नव्हती. माझी तपासणी जेथे चूक होऊच शकत नव्हती अशा ठिकाणी झाली होती.

बंद पेटीने बरोबर उत्तर दिले आणि उघड्या प्रणालीवर मी चुकीचे काढले, ही गोष्ट पचवायला मला काही दिवस लागले. मी उघडेपणाचा आग्रह धरत होतो, परंतु जे उघडे होते ते वाचत नव्हतो. भटू म्हणाला, "मंग सर, आते मन्हं लायसनच लावा ना." तसेही मला करता येईना. उद्या सुनावणीत कोणी विचारले की आधी पलीकडे असलेले शेत आता अलीकडे कसे आले, तर 'यंत्र म्हणते' एवढेच उत्तर देणे म्हणजे रुमलीबाईंना पुन्हा कोणाच्या तरी शब्दावर सोडणे होते. भटूच्या पेटीने किती दुरुस्ती केली, हे आम्ही दोन नकाशांतील अंतरावरून मोजले. आता तेवढीच दुरुस्ती जमिनीवर दिसते का, ते पाहायचे होते.

जुन्या नकाशावर वनकक्षाच्या कोपऱ्यावर हद्दीचे बुरूज दाखवलेले असतात. बुरूज म्हणजे रचलेल्या दगडांची कमरेइतकी उंच रास. असा एखादा बुरूज आज सापडला आणि त्यावर यंत्र ठेवले, तर जुना नकाशा किती सरकला आहे ते थेट कळते. मी पुन्हा पाड्यावर गेलो. आधी रुमलीबाईंना माझी चूक सांगितली. कागदच हलला होता, हेही सांगितले.

"मी तेच बोलले होते," त्या म्हणाल्या आणि कोयता घेऊन उठल्या. "दगड पाहिजे? चल."

कोरड्या नाल्याने वर चढून त्यांनी मला एका वळणावर नेले. बुरूज अर्धा ढासळला होता, पण खालच्या एका दगडावर कोरलेला क्रमांक अजून वाचता येत होता आणि तो नकाशातील क्रमांकाशी जुळला. नवऱ्याबरोबर गुरे राखताना त्या येथून परत फिरत, कारण पुढे दुसऱ्या गावाचे रान लागते. तेथून त्यांनी मला दुसऱ्या बुरुजाकडे नेले. तो शाबूत होता. दोन्हीवर मी यंत्र ठेवून बराच वेळ नोंदी घेतल्या. रुमलीबाई सावलीत बसून मला पाहत होत्या. "एवढा वेळ दगडाशी काय बोलतोस?" असे त्यांनी एकदा विचारले.

घरी येऊन पाहिले तर दोन्ही बुरुजांवरचा फरक भटूच्या दुरुस्तीशी एक-दोन पावलांच्या आत जुळत होता. मग मी ती दुरुस्ती माझ्या प्रणालीत भरली. शेत नाल्याच्या अलीकडे आले. प्रत्येक पायरी, बुरुजांचे क्रमांक, छायाचित्रे आणि माझी आधीची चूक कोठे झाली हे सर्व मी लिहून काढले.

सुनावणीला रुमलीबाई नवे लुगडे नेसून आल्या होत्या. साहेबांनी दोन्ही नकाशे पुढे ठेवून मला विचारले, "गुरुजी, पहिला नकाशाही तुम्हीच दिलेला. आता कोणता खरा मानायचा?"

"दुसरा. पहिल्यात माझी चूक आहे. ती कशी झाली, हे तिसऱ्या पानावर लिहून सही केली आहे."

त्यांनी ते पान पूर्ण वाचले. बाजूचे लिपिक तोवर माझी फाइल उघडण्याचा प्रयत्न करत होते. ती उघडली नाही. कार्यालयात भटूकडे होता तोच मालकीचा प्रोग्राम होता. पूर्वी असे झाले असते तर मी त्यांना खुल्या स्वरूपाचे महत्त्व समजावून सांगत बसलो असतो. त्या दिवशी मी दुसरी फाइल काढून दिली. आदल्या दिवशी भटूकडे बसून, आयुष्यात प्रथमच, मी ती त्या बंद स्वरूपात जतन करून घेतली होती. ती लगेच उघडली. रुमलीबाईंना मिळणाऱ्या प्रतीत मात्र सर्व पायऱ्या खुल्या स्वरूपात आणि कागदावरही असाव्यात, एवढा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.

साहेबांनी रुमलीबाईंना विचारले, "बुरूज कोणी दाखवले?"

"मी दाखवले. कागद बघून नाय. तुला पण दाखवते, चल."

साहेब हसले. "नको बाई, फोटो आहेत," असे म्हणून त्यांनी प्रकरण निर्णयासाठी ठेवले.

या प्रसंगानंतर मी दोन्ही प्रकारचे प्रोग्राम वापरतो. काम मी मुक्त प्रणालीतच करतो, कारण केलेले काम दुसऱ्याला तपासता यावे असे मला आजही वाटते. ते झाले की भटूच्या यंत्रावर पडताळतो. दोन उत्तरे वेगळी आली तर मी दोघांपैकी कोणाचीही बाजू घेत नाही; चपला घालून शेतात जातो. भटू म्हणतो की सर उशिरा का होईना शहाणे झाले. मी त्याला म्हणतो की तूही तुझ्या पेटीला एकदा कारण विचारून पाहा. याबाबतीत आमच्यात अद्याप एकमत झालेले नाही. पाड्यावर नाला हलल्याचे सांगितले त्या दुपारविषयी मात्र मला कोणतेही स्पष्टीकरण सुचत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या कोणत्याही तत्त्वात असे लिहिलेले नाही की जमीन कसणाऱ्याचे म्हणणे सर्वांत शेवटी ऐकावे. ते मी माझ्याच मनाने केले होते.

पावसाळा संपल्यावर मोलगीला हक्कपत्रे वाटली गेली. रुमलीबाईंना त्यांचे मिळाले. गर्दीतून वाट काढत त्या माझ्याकडे आल्या आणि कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "वाच."

मी नाव वाचले, गाव वाचले, वनकक्षाचा क्रमांक वाचला. ते त्यांना नको होते. "शेत कुठं हाय ते वाच."

तेव्हा मी चतुःसीमा वाचल्या. पूर्वेस डोंगराची वाट, उत्तरेस वन, दक्षिणेस शेजाऱ्याचे शेत, पश्चिमेस नाला.

"परत वाच."

"पश्चिमेस नाला," मी पुन्हा वाचले.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, जपून घडी केली आणि पदराच्या टोकाला बांधला.

"या वेळी बरोबर वाचलंस," त्या म्हणाल्या आणि पाड्याच्या वाटेला लागल्या.